पारखदार ते प्रयोगशाळा : परभणीच्या पीकपैदाशीतील कसोटीचा इतिहास

मराठीतील ‘पारख’ हा शब्द संस्कृत ‘परीक्षा’पासून प्राकृत ‘परिक्खा’च्या वाटेने आलेला आहे. एकाच मूळ शब्दाची दोन रूपे भाषेत पुढे वेगवेगळ्या घरी नांदू लागतात, त्याचे हे चांगले उदाहरण होय. तत्सम ‘परीक्षा’ पाठशाळेत गेली. तद्भव ‘पारख’ सराफाच्या पेढीवर, गुरांच्या बाजारात आणि शेताच्या बांधावर राहिली. परीक्षेला प्रश्नपत्रिका लागते, गुण लागतात, नोंदवही लागते. पारखीला डोळा, बोटे आणि जीभ पुरतात. पिकांची पैदास हे शास्त्र म्हणून उभे राहिले ते पारखीची परीक्षा झाली त्या काळात, आणि या स्थित्यंतराचा एक तुकडा परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत घडला. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. तो मुख्यतः कापसासंबंधी असला तरी आरंभ एका निषिद्ध पिकापासून करणे सोयीचे होईल; कारण पारख आणि पैदास यांचे नाते त्या पिकात सर्वांत उघडपणे दिसते.

इ.स. १८९३-९४ मध्ये हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभरातून साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल सिद्ध केला. त्या वेळी मुंबई इलाख्यात गांजाची लागवड प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात आणि काही प्रमाणात साताऱ्याकडे होत असे. मध्य प्रांतात खांडव्याचा परिसर प्रसिद्ध होता आणि बंगालमध्ये नौगाव. बंगालमधील लागवडीची पाहणी वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी केली होती. तिच्यातून एका विलक्षण कारागिराची ओळख होते. गांजाच्या शेतातील नर झाडे फुलण्यापूर्वी ओळखून मोडून टाकणे हे त्याचे काम. मादी झाडाला परागाचा स्पर्श झाला की बी धरते आणि राळ उणावते. म्हणून फूल उमलण्याआधीच, पेरांतील इवल्याशा कळीवरून नर कोणता व मादी कोणती हे सांगणारा माणूस शेतकऱ्याला मोबदला देऊन बोलवावा लागे. इंग्रज अधिकारी त्याला ‘गांजाचा डॉक्टर’ म्हणत. स्थानिक नावे दोन होती : ‘परखदार’ आणि ‘पोद्दार’.

पहिल्या नावाला स्पष्टीकरणाची गरज नाही. दुसरे नाव मराठी वाचकाला अधिक बोलके वाटावे. बंगालीतील ‘पोद्दार’ म्हणजेच आपला ‘पोतदार’. फारसी ‘फोतादार’ या एकाच शब्दापासून दोन्ही रूपे निघाली. मराठी अंमलात पोतदार हा सरकारी खजिन्यात भरल्या जाणाऱ्या नाण्यांचा कस पाहणारा अधिकारी असे. गावगाड्यात हे काम बहुधा सोनाराकडे असे. रुपया खरा की खोटा हे सांगणाऱ्याचे नाव झाड नर की मादी हे सांगणाऱ्याला मिळावे, यात लोकांची एक समजूत दडलेली आहे. दोघेही वस्तू घडवीत नाहीत, खोटी तेवढी बाजूला काढतात.

परंतु येथेच एक पेच आहे. नाणी पारखून घेतल्याने पुढच्या वर्षीची नाणी सुधारत नाहीत. परखदाराची पारखही तशीच होती. तो जितका निष्णात, तितके शेत बिनबियांचे. आणि शेत जितके बिनबियांचे, तितका उत्तम मादी झाडांचा वंश खुंटलेला. त्याच्या कौशल्याने त्या हंगामाचा माल सुधारे, पुढच्या पिढीचे बी सुधारत नसे. शिवाय बियाला निम्मा वारसा देणारा जो नर, त्याच्या अंगी कोणते गुण आहेत हे परखदार पाहतच नव्हता. तो नर आहे एवढाच त्याचा दोष. पारखीला पैदाशीचे साधन व्हावयाचे असेल तर निवडलेल्या झाडाचे बी राहिले पाहिजे, आणि गुण फुलण्यापूर्वीच कळला पाहिजे.

याच वनस्पतीच्या धाग्यासाठी केलेल्या लागवडीत, म्हणजे युरोपातील ताग-सदृश अंबाडीवजा हेम्पमध्ये, ही कोंडी जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव्ह ब्रेडेमान यांनी १९२० नंतरच्या दशकांत फोडली. त्यांनी नर झाडाचा दांडा फुलोऱ्यापूर्वी उभा चिरला, अर्धा भाग प्रयोगशाळेत नेऊन त्यातील तंतूचे प्रमाण मोजले आणि उरलेला अर्धा शेतात जगत ठेवला. ज्यांच्यात तंतू भरपूर निघाला तेवढेच नर फुलू दिले, बाकीचे काढून टाकले. कित्येक पिढ्या ही निवड चालू राहिल्यावर तंतूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. राळेच्या बाबतीत मात्र प्रयोगशाळा दीर्घकाळ अडखळत राहिली. केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९६ मध्ये चरसातून एक द्रव्य वेगळे काढले. पण मुख्य मादक द्रव्य टीएचसी याची रचना इस्रायलमध्ये गाओनी व मेचौलम यांनी निश्चित केली ती १९६४ मध्ये. त्यानंतर चार दशकांनी, २००३ मध्ये, द मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की या वनस्पतीत टीएचसी आणि सीबीडी या दोहोंचे परस्पर प्रमाण मुख्यतः एकाच जनुकस्थानावर ठरते. रोपाच्या एका पानाचे पृथक्करण केले तरी त्याचा वर्ग सांगता येतो. अशा वेळी कसोटी आणि निवड यांत काही अंतरच राहत नाही. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने या पिकावर बंधने घातली असून धागा व बियाणे यांसाठी लागवडीची परवानगी देण्याची तरतूदही त्यातच आहे. तेथे तर टीएचसीचा अंक हाच पिकाच्या कायदेशीरपणाचा कस ठरतो.

कापसाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. म्हणूनच ती अधिक बोधप्रद वाटते.

रेल्वे येण्यापूर्वी आणि नंतरही कित्येक वर्षे कापसाची प्रत गावाच्या नावाने ओळखली जाई. लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाट, उमरावती, भडोच, धोलेरा ही नावे म्हणजे ठिकाणे नव्हती, ती प्रती होत्या. ‘उमरा’ या व्यापारी नावाखाली पुढे वऱ्हाड, खानदेश, बार्शी-नगर आणि निजामाच्या राज्यातील कापूसही मोडू लागला. त्या उपवर्गांत ‘हैदराबाद गावरानी’ असे एक नाव होते. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मराठवाड्यातून गेली आणि परभणी, सेलू, मानवत येथील माल मनमाडमार्गे मुंबईस सुलभपणे जाऊ लागला. ‘गावरान’ या शब्दात गाव आणि रान हे दोन्ही घटक उघड दिसतात : जे आपल्या गावच्या रानातले, ते गावरान. आज हा शब्द कोंबडीच्या अंड्यापासून बोराच्या झाडापर्यंत सर्वत्र स्तुतिवाचक झाला आहे. कापसाच्या बाबतीत मात्र त्या काळी तो केवळ स्थलवाचक होता. लांब व मऊ धाग्याची जी ‘बनी’ म्हणून प्रसिद्ध असलेली देशी जात, तिच्याशी या गावरानीचे निकटचे नाते होते. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत दोन्ही गॉसिपियम आर्बोरियम.

बाजारात या कापसाची पारख हाताने होई. दलाल रुईची चुटकी दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढी, पुन्हा एकावर एक ठेवून ओढी, आणि सरळ झालेल्या तंतूंची लांबी नजरेने मापी. ताण पाहण्यासाठी तीच चुटकी कानाशी नेऊन तोडी. ही पारख कमी लेखण्याचे कारण नाही. अनुभवी दलालाचे अनुमान लांबीच्या बाबतीत पुष्कळदा बरोबर येत असे. परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. तंतू किती बारीक आहे हे बोटांना नीट कळत नसे, आणि बारीकपणावाचून सूत किती नंबरचे निघेल हे सांगता येत नाही. दुसरी उणीव अधिक मोठी : दलाल जे पारखी ते गाठीला लागू असे, झाडाला नव्हे. गाठीत शंभर शेतांचा माल मिसळलेला असतो.

शेतकऱ्याची पारख आणखी निराळी. त्याचा शब्द ‘उतारा’. शंभर मण कापसातून किती मण रुई उतरते, हा तो उतारा. बाजार वजनावर चालतो; तेव्हा ज्या झाडाचा उतारा मोठा ते झाड चांगले, धागा आखूड असो वा लांब. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मध्य प्रांत-वऱ्हाडात कृषी खात्याचे डेव्हिड क्लाउस्टन यांनी ‘रोझियम’ नावाच्या आखूड व जाड धाग्याच्या देशी प्रकाराचा पुरस्कार केला तो याच हिशेबाने. त्याचा उतारा शेकडा चाळिसाच्या आसपास, बनीचा त्याहून पुष्कळच कमी. हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने खरा होता. बनी मागे हटली आणि गिरणीवाल्यांनी हाकाटी केली की हिंदुस्थानचा कापूस बिघडला. शेतकऱ्याने माल बिघडविला अशी ही तक्रार त्या काळच्या कागदपत्रांत वारंवार आढळते. परंतु लांब धाग्याला त्याच्या लांबीचे मोल जर गिरणी देत नसेल तर ती लांबी शेतकऱ्याने फुकट का पिकवावी, याचे उत्तर त्या तक्रारीत नसते.

या वादातून १९१७-१८ मध्ये सरकारने एक कापूस समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती (इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी) स्थापन झाली, आणि १९२३ च्या कापूस उपकर कायद्याने तिला प्रत्येक गाठीमागे बसविलेल्या कराचे उत्पन्न मिळू लागले. ३ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते मुंबईत माटुंग्यास समितीची तंत्र-प्रयोगशाळा उघडली. आर्थर जेम्स टर्नर हे तिचे पहिले संचालक. त्यांच्यानंतर आलेले नझीर अहमद हे केंब्रिजला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत शिकलेले पदार्थवैज्ञानिक. हेच गृहस्थ पुढे १९५६ मध्ये पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख झाले. कापसाच्या तंतूपासून अणूपर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात मावला, यावरून त्या पिढीच्या प्रयोगशाळेचे स्वरूप ध्यानात यावे : उपकरण जुळविणे आणि चूक मोजणे ही तिची खरी विद्या होती, पदार्थ कोणताही असो.

माटुंग्याची मुख्य कसोटी सूतकताईची. सुताचा नंबर म्हणजे एक पौंड वजनात ८४० वारांच्या किती लट्या निघतात तो आकडा. एकाच रुईचे निरनिराळ्या नंबरांचे सूत कातावयाचे, प्रत्येकाची ताकद मोजावयाची, आणि ठरवून दिलेल्या ताकदीला उतरणारा जो सर्वांत वरचा नंबर तो त्या रुईचा कस मानावयाचा. हवेतील ओलाव्याने सुताची ताकद बदलते. म्हणून ज्या खोलीत ही परीक्षा होई तिची आर्द्रता वर्षभर एकसारखी राखावी लागे. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम सोपे नव्हते. अशा रीतीने देशातील कोणत्याही कृषिक्षेत्रावरून आलेल्या रुईला एकाच तराजूवर घातले जाऊ लागले. पंजाब, सिंध, भडोच, धारवाड, इंदूर आणि परभणी यांच्या गाठोड्यांना तेथे गावाचे नाव उरले नाही, क्रमांक आला.

परभणीचे मुख्य प्रयोगक्षेत्र निजाम सरकारने १९१८ मध्ये स्थापिले होते. उस्मानिया विद्यापीठाचे स्थापनावर्षही तेच. हा योगायोग खरा, परंतु भाषेच्या अभ्यासकाला तो दुर्लक्षिता येत नाही. उस्मानियाने आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकविण्याचे धाडस केले. राज्यकारभाराची भाषा उर्दू. परभणीच्या क्षेत्रावरील गड्यांची आणि भोवतालच्या कुणब्यांची भाषा मराठी. आणि माटुंग्याशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत. एकाच बोंडाला शेतात एक नाव, कचेरीत दुसरे आणि अहवालात तिसरे. या तिन्ही भाषांतून सहीसलामत पार होणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे संख्या. १९३० नंतरच्या काळात स्थानिक गावरानीतून निवडून काढलेल्या वाणांना ‘गावरानी ६’, ‘गावरानी १२’, ‘गावरानी ४६’ अशी नावे मिळाली. नावाचा पूर्वार्ध रानातला आणि उत्तरार्ध नोंदवहीतला. इंग्रजी कागदांत ‘गाओरानी’ असे लिहिले गेले, तेही तसेच रूढ झाले.

आता कापसातील कसोटीचा पेच पाहू. एका झाडाच्या बोंडांतून निघणारी रुई काही तोळेच असते. कताईच्या परीक्षेला आरंभी काही पौंड रुई लागे. म्हणजे ज्या झाडाची निवड करावयाची त्याचीच परीक्षा घेता येत नाही. त्याचे बी पेरावयाचे, त्या बियांचे पुन्हा पेरावयाचे, आणि पुरेशी रुई जमली की मग माटुंग्यास धाडावयाची. उत्तर येईपर्यंत तीन-चार हंगाम उलटलेले असत, आणि दरम्यान नको असलेली शेकडो कुळे जपत बसावे लागे. परखदाराला झाड मिळे पण वंश मिळत नसे. कापसाच्या पैदासकाराला वंश मिळे पण परीक्षेच्या वेळी मूळ झाड कधीच गेलेले असे.

यातून वाट निघाली ती प्रतिनिधी गुणांची. सूत कातण्याऐवजी तंतूच मोजावा. कंगव्यांच्या यंत्राने तंतू लांबीप्रमाणे वेगळे लावता येतात. ठराविक लांबीचे तंतू मोजून त्यांचे वजन केले की बारीकपणा कळतो. त्याला काही चिमटी रुई पुरते, म्हणजे एकाच झाडाची परीक्षा शक्य होते. टर्नर आणि वेंकटरामन यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनेक भारतीय वाणांच्या मापांवरून लांबी व बारीकपणा यांच्या आधारे कताईचा नंबर आधीच वर्तविण्याची सूत्रे मांडली. सूत्रे सर्व वाणांना सारखीच लागू पडत नव्हती. पण दहा कुळांतून सहा टाकून द्यावयास ती पुरेशी होती, आणि पैदाशीत टाकून देणे हेच अर्धे काम असते. साखरबीटाच्या बाबतीत फ्रान्समध्ये लुई द व्हिल्मोराँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेच केले होते : साखर प्रत्यक्ष काढून न पाहता कंदाच्या रसाची घनता मोजली, आणि परीक्षा झालेला कंदच बियांसाठी लावला.

मापाने दुसरा प्रश्न उभा केला. एका झाडाची रुई लांब निघाली ती वंशामुळे की खतामुळे? बांधाजवळच्या झाडाला ओलावा अधिक मिळाला म्हणून? दलालाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला बी विकत घ्यावयाचे नसते. इंदूरच्या संस्थेत काम करीत असताना विनायक गोविंद पानसे यांनी या प्रश्नाचा गणिती विचार केला. धाग्याच्या लांबीसारखे गुण अनेक जनुकांच्या बारीक बारीक परिणामांनी घडतात. तेव्हा दिसणाऱ्या फरकातला किती भाग बियातून उतरतो आणि किती केवळ जमीन-पाण्याचा, हे वेगळे काढल्यावाचून निवडीचा लाभ सांगता येत नाही, हे त्यांच्या १९४० मधील निबंधाचे सूत्र होते. त्यांनी आणि पां. वा. सुखात्मे यांनी मिळून लिहिलेला, शेतीच्या प्रयोगांसाठी सांख्यिकी शिकविणारा १९५४ मधील ग्रंथ नंतरच्या अनेक पिढ्यांच्या हाती राहिला. प्रयोगशाळेने अंक दिला. तो अंक किती विश्वसनीय हे सांगण्याचे काम या दोघा मराठी माणसांनी केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणि तरीही उताऱ्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. माटुंग्याची कसोटी ही गिरणीची कसोटी होती. गिरणी, व्यापारी, सरकार यांचे प्रतिनिधी ज्या समितीत बसत तिने आपल्याला हवा तो गुण मोजावयास घेतला, यात नवल नाही. कसोटी जे मोजते तेच पैदासकार निवडतो, आणि जे मोजले जात नाही ते निसटून जाते, कधी चुकून टिकून राहते. गावरानीच्या शुद्ध वाणाचे क्षेत्र जपण्यासाठी त्यात आखूड धाग्याचा माल मिसळू न देण्याची कडक व्यवस्था लागे. जिनमध्ये एकदा दोन प्रकारची सरकी एकत्र झाली की पुढच्या वर्षीचे बियाणेच बिघडे. ज्या शेतकऱ्याला मिसळलेल्या मालाचाही तोच भाव मिळे, त्याला शुद्धतेचा उपदेश कितपत पटत असेल? प्रस्तुत लेखकाच्या मते त्या काळच्या कापूस-सुधारणेचा कच्चा दुवा प्रयोगशाळेत नव्हता, तो मोंढ्यात होता.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी परभणीस कृषी महाविद्यालय निघाले. मध्यवर्ती कापूस समिती १९६६ मध्ये बरखास्त होऊन माटुंग्याची प्रयोगशाळा भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेली. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. दरम्यान कापसाचे चित्र पालटले होते. १९७० मध्ये गुजरातेत एच-४ हा संकर निघाला, १९८४ मध्ये नांदेडचा एनएचएच ४४ आला, २००२ नंतर बीटी कापूस आला, आणि अमेरिकन जातीच्या कापसाने गावरानीचे क्षेत्र जवळजवळ गिळून टाकले. ते कसे घडले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येथे कापूस थोडा वेळ बाजूला ठेवून ज्वारीकडे वळावयास हवे. परभणीच्या ज्वारीच्या वाणांची नावे क्रमाने वाचली तर कसोटीचा इतिहास त्यांतच सापडतो. ‘परभणी श्वेता’, ‘परभणी मोती’ : ही डोळ्यांनी ठेवलेली नावे होत. दाणा पांढरा, टपोरा, मोत्यासारखा तुकतुकीत. मोंढ्यात ज्वारीचा भाव याच गुणांवर ठरतो. घरात होणारी पारख निराळी असते : पिठाला चिकी किती, भाकरी थापताना कड फाटते काय, तव्यावर पापुद्रा सुटतो काय, दुसऱ्या दिवशी ती वातड होते काय. ही परीक्षा घेणाऱ्या स्त्रियांचे नाव कोणत्याही वाणाच्या शिफारसपत्रात येत नाही. पण जी ज्वारी या परीक्षेत नापास झाली ती दुसऱ्या वर्षी पेरली गेली नाही. तिसरा परीक्षक बैल, आणि त्याचा विषय कडबा.

२०१८ मध्ये परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हा वाण प्रसारित केला. लोह व जस्त यांनी समृद्ध असा भारतातील ज्वारीचा हा पहिला वाण. एरवी ज्वारीच्या किलोभर दाण्यात लोह सुमारे ३० मिलिग्रॅम आणि जस्त सुमारे २० मिलिग्रॅम असते. या वाणात लोह चाळिसाच्या वर आणि जस्त सुमारे ३२ मिलिग्रॅम आढळले. या नावाचे वेगळेपण लक्षात घेण्यासारखे आहे. शक्ती दिसत नाही. लोहाला चव नाही, रंग नाही, भाकरीत ते जाणवत नाही. बाजार, चूल आणि गोठा या तिन्ही परीक्षकांना अगोचर असलेला गुण या वाणाच्या नावात बसला. तो केवळ प्रयोगशाळेला दिसतो.

अशा गुणाची निवड कशी करावी? क्ष-किरणांच्या प्रस्फुरणावर चालणाऱ्या यंत्रात दाणे न दळता ठेवले की काही मिनिटांत लोह व जस्त यांचे अंदाजी आकडे मिळतात आणि तेच दाणे पेरताही येतात. ब्रेडेमानच्या चिरलेल्या दांड्याची येथे आठवण व्हावी. निवडक नमुन्यांची मग सूक्ष्म रासायनिक तपासणी होते. परंतु या परीक्षेत एक फसगत संभवते, आणि ती मातीतली आहे. आपल्या काळ्या-तांबड्या मातीत लोह विपुल. खळ्यावर मळलेल्या दाण्याला धुळीचा कण चिकटला, किंवा मळणीयंत्राच्या लोखंडाचा कीस लागला, की यंत्र लोहाचा आकडा वाढवून दाखविते आणि धुळकट दाणा उत्तम वंशाचा ठरतो. म्हणून तपासणीत ॲल्युमिनियमही मोजतात. मातीत ते भरपूर असते, स्वच्छ दाण्यात अत्यल्प. तेव्हा ॲल्युमिनियमचा आकडा फुगलेला दिसला की लोहाच्या आकड्यावर विश्वास ठेवावयाचा नाही. खोटे नाणे ओळखण्यासाठी दुसऱ्या धातूचा कस लावावा, तशीच ही युक्ती. जुन्या पोतदाराला ती सहज समजली असती.

तरीही शक्तीला मोत्याची परीक्षा चुकत नाही. लोहाचा आकडा चढता असूनही दाणा निस्तेज असता, कडबा थोडा पडला असता, तर तो वाण शेतात टिकला नसता. शेतकऱ्याला लोहाचा भाव कोणी देत नाही. गिरणीने धाग्याच्या लांबीचे पैसे न देता लांबीची अपेक्षा केली होती, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. फरक एवढाच की येथे गिरणीच्या जागी रक्तक्षय झालेल्या बायका-मुलांचे आरोग्य आहे, आणि त्यांच्या वतीने बाजारात बोली लावणारा कोणी नाही.

कापसाकडे परत येऊ. परभणीच्या महेबूब बाग कापूस संशोधन केंद्रावर देशी कापसाचे काम बंद पडले नव्हते. क्षेत्र घटत असतानाही तेथे आर्बोरियम जातीत धागा लांब करण्याची निवड चालू राहिली. या मालिकेतील वाणांच्या नावांना ‘पीए’ ही अक्षरे लागतात, म्हणजे परभणी आर्बोरियम : पीए २५५, जो ‘परभणी तुराब’ या नावाने प्रसिद्ध आहे, पीए ४०२, आणि अलीकडचे पीए ७४०, पीए ८१०, पीए ८१२ व पीए ८३७. या शेवटच्या चार वाणांच्या धाग्याची लांबी २८ ते ३१ मिलिमीटर भरते, म्हणजे अमेरिकन कापसाच्या बरोबरीची. देशी कापूस आखूडच असावयाचा, हा शंभर वर्षांचा समज त्यांनी मोडला. त्यांची तपासणी झाली ती माटुंग्याच्याच संस्थेच्या, म्हणजे आजच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या, नागपूर केंद्रात. कंगव्यांचे यंत्र आणि ओलसर खोलीतील चात्या यांची जागा आता स्वयंचलित उपकरणाने घेतली आहे. थोड्याशा रुईवर लांबी, ताकद आणि बारीकपणा हे सारे आकडे काही क्षणांत उमटतात. टर्नरच्या काळी जे उत्तर यावयास चार हंगाम लागत ते आता त्याच हंगामात मिळते.

रस शोषणाऱ्या किडींना आणि कोरड्या हवेला तोंड देण्याची ताकद देशी कापसात मुळातच असते. गिरणीच्या कसोटीने ती कधी मोजली नव्हती. ती न मोजता टिकून राहिली, आणि बोंडअळी व खर्च यांनी जेरीस आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला आज तिचेच मोल सर्वाधिक आहे. पण मोंढ्यात गाडी उभी राहिली की अडत्या प्रथम विचारतो, कापूस कोणता? ‘देशी’ असे उत्तर मिळाले की लांबी न पाहताच भाव आखूड धाग्याचा सांगितला जाण्याचा धोका असतो. कारण ‘देशी’ या विशेषणाचा बाजारी अर्थ अद्याप रोझियमच्या काळातलाच आहे. प्रयोगशाळेचा अंक शेतापर्यंत पोचला, शब्दापर्यंत पोचावयाचा आहे. सेलू-मानवतच्या बाजारात धाग्याची लांबी मोजणारे उपकरण खरेदीच्या काट्याशेजारी बसले, तर पीए ८१२ च्या शेतकऱ्याला आपला कापूस कोणत्या जातीचा हे सांगण्याची गरजच पडणार नाही.